पाठीवरचं ठिगळ

सोमवार, ४ मार्च

सतरा कोट, चार टोप्या, एक पट्टा. सगळं याच महिन्यात तपासून द्यायचं म्हणे. म्युझियमच्या मॅडम म्हणतात, "मावशी, शांतपणे करा." शांतपणे कसं करणार? हात दोनच आहेत! आणि मावशी कशाला? माझ्याहून चार वर्षांनी तर लहान आहे ती.

म्युझियमात नवं दालन उघडतंय. त्या जुन्या मोठ्या लढाईत गेलेल्या इथल्या माणसांचं. समितीने नियम काढलाय – ज्याची वस्तू काचेत, त्याचंच नाव भिंतीवर. वस्तू खरी पाहिजे. आणि खरी का खोटी ते सांगणार कोण? तर मी. चौथीत शाळा सुटलेली, रफू करणारी बाई.

आज पहिल्याच कोटाने दिवस खाल्ला. दंडावरचा कापडी बिल्ला बोटाला ताठ लागला. कापड हातावर टाकलं की कसं पडलं पाहिजे, तसं पडेना. उलट्या बाजूला पिवळट कडा. पाण्याचा थेंब टाकला – मुरलाच नाही, मोत्यासारखा बसून राहिला. इस्त्रीने चिकटवायची जाळी असते ना, ती. कुणा दुकानदाराने फाटका कोट उचलला, बिल्ला डकवला आणि शूर माणसाचा म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारला.

रजिस्टरवाला आधी मी सांगायचे ते लिहून घ्यायचा. आजपासून त्याने हात झटकले. "बाईसाहेब, आता तुमचा शेरा तुम्हीच लिहा. सही पण तुमची."

लिहिला. घरी वही भरते मी, पण शेऱ्याच्या दोन ओळींना पाव तास लागला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण खाली माझी सही!

मंगळवार, ५ मार्च

दुपारी एक म्हातारी आली, सुनेला घेऊन. अठ्ठ्याऐंशी वय. कापडी पिशवी छातीशी धरलेली, सून घ्यायला गेली तरी देईना. पिशवीत कोट. मातकट रंगाचा, लोकरी, बिनअस्तराचा. तिच्या बापाचा. बाप लष्करात मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा. ती आठ वर्षांची असताना गेला. तिकडेच ताप येऊन गेला असं पत्र आलं, आणि नंतर पार्सलात हा कोट आला. फोटो नाही, थडगं नाही. हा कोट, बस्स.

"नाव लागेल ना त्यांचं?" तीनदा विचारलं.

मी म्हटलं, "आजी, आधी तपासू तर द्या."

"आणि एकदा काचेत गेला की कुणी हात लावणार नाही ना? उघडणार नाही ना कुणी?"

काचेत कोण हात घालतंय! म्हटलं, नाही.

सून म्हणजे चालती चक्की. कोट कुठे ठेवलेला, कपाटाला वाळवी कशी लागली, मग तिने काय केलं, मग नणंद काय म्हणाली... "अहो, एकदा तर मी काय केलं, ऐका ना –" मी म्हटलं, "बाई, मला सोळा कोट बघायचेत. अर्ज भरा आणि निघा." तोंड एवढंसं झालं तिचं. होऊ दे.

बुधवार, ६ मार्च

म्हातारीचा कोट घेतला. पाठीवर, डाव्या खवाट्याखाली ठिगळ. त्याच कापडाचं, आतल्या खिशाची झडप कापून केलेलं. टाका एक नाही! कडेला उंदराने कुरतडल्यासारखं कापलंय. बोटाला ताठ. थेंब बसून राहिला. केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब दिली, तर वास आला. ओळखीचा वास, पण कुठला ते आठवेना.

मग निळा दिवा लावला, नोटा तपासतात तसला. खोलीत अंधार केला आणि बघते तर ठिगळाच्या चारी कडा निळ्याशार! आमच्यात साधं आहे – दिव्याखाली निळं चमकलं की माल नवा. जुन्या काळच्या खळीत, दोऱ्यात ही चमक नव्हतीच.

लिहिलं – "पाठीवर ठिगळ. डिंक नवा. भरवसा नाही." सही.

अर्ध्या तासात उरकलं. वाईट वाटलं म्हातारीचं. पण मी काय करू? दिवा काय खोटं बोलतो?

गुरुवार, ७ मार्च

तो वास कुठला? दिवसभर डोक्यात तेच. डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, ८ मार्च

मॅडमनी माझा शेरा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "बघा, मावशींचं कसं असतं – दोन ओळी, विषय संपला." रजिस्टरवाला म्हणाला, "संपलाच. म्हातारीचा पण." आणि हसला. थोबाडीत द्यावीशी वाटली.

पत्र गेलं त्यांना. मला वाचून दाखवलं. वस्तूत अलीकडच्या काळात फेरफार केल्याचे दिसते, सबब स्वीकारता येत नाही, कोट घेऊन जावा. सरळ मराठीत सांगायचं तर, तुम्ही खोटं बोललात.

मी एवढं कुठे म्हटलं होतं? भरवसा नाही म्हटलं होतं. पण भरवसा नाही म्हणजे दुसरं काय?

रविवार, १० मार्च

सापडला वास!

नवऱ्याचे कामाचे सदरे धुवायला काढले. त्याचं पंक्चरचं दुकान. आज बावीस वर्षं हेच सदरे धुतेय, आणि मला आठवू नये! बाहीला सोल्युशन सांडलेलं, सुकून पापुद्रा झालेला. नाकाजवळ नेलं. तोच. रबराचं सोल्युशन. डिंक नाहीच तो.

नवरा पेपर वाचत होता. विचारलं, "हे तुमचं सोल्युशन ऐंशी वर्षांपूर्वी होतं का हो?"

"सायकल होती का?"

"होती."

"मग पंक्चर पण होतं." पान उलटलं. "तुला काय आज माझ्या धंद्याचं कौतुक?"

म्हातारीचा बाप मोटारसायकलवर होता. त्याच्याकडे सोल्युशनची डबी असणारच! सुईदोरा नसेल, डबी असेल!

मग निळं का चमकलं? ते कळेना. सदरे पावडरीत भिजत घातले आणि तशीच बसून राहिले, बादलीत हात घालून. नवरा म्हणाला, "अगं, हात भिजत घातलेस का?"

सोमवार, ११ मार्च

एक सदरा पिशवीत घालून नेला. खोलीत कुणी नव्हतं. अंधार केला, दिवा लावला.

सदरा निळा! सगळा! पंधरा वर्षं जुना, कॉलर झिजलेला सदरा दिव्याखाली नवरदेवासारखा चमकत होता.

पावडर. धुण्याची पावडर चमकते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तिच्यातच काहीतरी घातलेलं असतं. आणि हे मला माहीत होतं! दिवा दिला तेव्हा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं – आधी विचारायचं, कपडा धुतलाय का. पहिला प्रश्न तो. मी विचारलाच नाही. घाई! माझी मेलीची घाई!

सून काय सांगत होती? "एकदा तर मी काय केलं, ऐका ना." मी ऐकलं नाही.

मग जे करायला नको ते केलं. मॅडमना न विचारता पातं घेतलं आणि ठिगळाचा एक कोपरा उचलला. सोल्युशन पार वाळून तपकिरी झालेलं, वाळल्या सालीसारखं तुटत होतं. चार-पाच वर्षांत असं होत नाही. दुकानात विसरलेल्या डब्यांचं होतं तसं, पण त्याहून कितीतरी जुनं.

खाली भोक. करंगळीच्या नखाएवढं, गोल. कडा ताठ, तपकिरी. सोल्युशन मुरलं की कापड असं होतं. कोट उलटा केला तर आतूनही ठिगळ, तेही त्या दिवशी घाईत बघितलं नव्हतं! बाहेरून एक, आतून एक. इतकुशा भोकाला दोन दोन.

रजिस्टरवाला दारात येऊन उभा. "बाईसाहेब, हे काय?"

"तपासतेय."

"परत पाठवायचा कोट तपासताय?"

"थंडीचे दिवस असतील लढाईत," मी काहीतरीच बोलले, "म्हणून दोन लावली असतील."

त्याने माझ्याकडे बघितलं, पात्याकडे बघितलं आणि गेला.

मंगळवार, १२ मार्च

अर्धा दिवस रजा टाकून म्हातारीच्या घरी गेले. पत्ता अर्जावर होता. तिसरा मजला, जिना अरुंद. दार सुनेने उघडलं. मला बघून म्हणाली, "आता काय राहिलंय? पोलीस आणलेत का?"

टेबलावर पत्र. त्यावर चष्मा उपडा ठेवलेला.

मी दारातच विचारलं, "कोट कधी धुतला होता का?"

"तेच तर सांगत होते ना तुम्हाला! मीच धुतला. नवीन लग्न झालेलं माझं. म्हटलं, सासूबाई खूश होतील. पावडरीत भिजत घातला! त्यांनी बघितलं आणि असा आकांत केला... दहा बादल्या पाण्यातून काढला त्यांनी. दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत."

दहा बादल्या. म्हणून सगळा कोट नाही चमकला. ठिगळाच्या कडेखाली शिरलेली पावडर तेवढी धुवून निघाली नाही. बस्स, एवढंच होतं!

मी खाली बसले. विचारलं पण नाही बसू का म्हणून.

आजी आतून आल्या, भिंतीला धरत. मी सांगून टाकलं – माझं चुकलं, डिंक नाही, जुनं सोल्युशन आहे, समिती शुक्रवारी बसायची आहे, मी बोलते. हेही सांगितलं की कोपरा उचलून बघितला.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "उघडलंत?"

"थोडंसं."

"काय दिसलं?"

"भोक आहे लहानसं. गाडीच्या धुराच्या नळीजवळ ठिणगी उडाली असेल. तुमच्या बाबांनीच चिकटवलं असणार, त्यांच्याकडे सोल्युशन असायचं ना."

टेबलावरचं पत्र उचललं, घडी घातली. मग म्हणाल्या, "हां. ठिणगीचंच असेल."

सून म्हणाली, "बघा आई, मी म्हणत नव्हते –"

"तू गप गं."

माफी मागितली तर मान नुसती हलवली. रागावल्यात. रागावणारच. आठ दशकं सांभाळलेला कोट, आधी सुनेने बुचकळला आणि आता मी पातं लावलं. निघताना चहा विचारला सुनेने, मी नको म्हटलं.

बुधवार, १३ मार्च

मॅडमना सांगितलं. सगळं. सुरुवातच उलटी झाली – आधी पातं सांगितलं, मग पावडर, मग नवऱ्याचा सदरा. त्यांना काही कळेना. "मावशी, तुमच्या मिस्टरांचा सदरा इथे कशाला आला?"

मग कळलं. मग जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. परवानगीशिवाय वस्तूला पातं लावणं म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला? आहे. त्या माणसांना खोटं ठरवणारं पत्र मॅडमच्या सहीने गेलंय, माहीत आहे का? आहे. दुसरी कुणी असती तर आत्ता काढून टाकली असती. हो.

मी म्हटलं, "मला काढा. पण शेरा बदला."

कोट पुढ्यात घेतला त्यांनी. खुर्ची ओढली, भिंग घेतलं आणि तो कोपरा बघत बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे हे त्याने स्वतः केलं? तिथे? पंक्चरच्या सामानाने?"

"नाहीतर कोण करणार? टाका घालायला कोण होतं तिथे?"

"मावशी, असं एकही नाहीये आपल्याकडे." आवाजच बदलला एकदम. सतरा कोटांत सैनिकाच्या स्वतःच्या हातची दुरुस्ती कुठे दिसली नव्हती म्हणे.

म्हणजे मला काढणार का नाही? ते काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

उद्या समिती. नवऱ्याला म्हटलं, मला बोलता येणार नाही त्या लोकांपुढे. म्हणाला, "माझ्यापुढे तर येतं."

शुक्रवार, १५ मार्च

पाच जण. सगळे शिकलेले, सगळ्यांपुढे पाण्याच्या बाटल्या. मला तहान लागलेली, पण बाटली मागायची कशी!

एका चष्मेवाल्याने विचारलं, "आधी नवं म्हणालात, आता जुनं म्हणताय. उद्या काय म्हणाल?"

पाचावर धारण बसली. मग रागच आला. म्हटलं, "उद्या काय म्हणेन ते उद्या. आज हा वास घ्या." कोपरा गरम केला आणि कोट त्यांच्या नाकाखाली धरला. शेजारी नवऱ्याच्या दुकानातली डबी उघडून ठेवली. पाचही जणांनी वास घेतला. एकाला शिंक आली.

मग दिव्याखाली सदरा दाखवला. मग सालीसारखं तुटलेलं सोल्युशन कागदावर. मी बोलतच सुटले. मॅडमनी शेवटी हळूच बाही ओढली.

कोट घेतला! नाव लागणार!

सुनेला फोन केला तर ती रडायलाच लागली. पलीकडे आजींना सांगितलेलं ऐकू आलं – "आई, लागलं! बाबांचं नाव लागलं!" आजींचा आवाज आला नाही. ऐकायला कमी येतं म्हणून असेल.

शनिवार, १६ मार्च

सगळं नीट झालंय. मग जीव का थाऱ्यावर नाही? मला काढलं नाही, शेरा बदलला, पत्र मागे घेतलं. तरी कपडे वाळत घालताना चिमटे हातातून पडतायत. काहीतरी बघायचं राहून गेलंय असं वाटतं. काय ते कळत नाही. एकदा चुकलं की असं होत असेल. आपल्याच हातावरचा भरवसा जातो.

शनिवार, २३ मार्च

पाटी छापून आली. मॅडमनी वाचून दाखवली. "रणभूमीवर सैनिकाने स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती." फार छान लिहिलंय. ऐकताना अंगावर काटा आला.

उचललेला कोपरा बसवून दिला. एकच टाका, बारीक, काढता येईल असा. आजींना फोन करून सांगितलं – बंद केलंय हो, पहिल्यासारखं. म्हणाल्या, "बरं केलंत." दोनदा म्हणाल्या.

शनिवार, ३० मार्च

दालन उघडलं. गर्दी फार. आजी काचेपुढे उभ्या, सून मोठ्याने पाटी वाचून दाखवत होती, आजूबाजूचे लोक पण ऐकायला थांबले. आजींनी माझा हात धरला आणि खांबाआड नेलं.

"तू भली आहेस, म्हणून तुला सांगते. बाबांनी नाही लावलं ते. मी लावलं, घरी राहिलेल्या त्यांच्या डबीतल्या सोल्युशनने. पार्सल आलं तेव्हा आई कामाला गेली होती, ती यायच्या आत लावलं. तापाने गेले म्हणून पत्र आलं होतं ना. तापाने गेलेल्याच्या पाठीला भोक नसतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं."

मी विचारलं, तुमच्या आईला कळलं का कधी?

"नाही. रोज त्या कोटाच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मग कामाला जायची."